घरचीच गाडी

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि खटक्याचं किल्ल्यांचं दुकान, मध्ये एकच भिंत आणि तीही फळ्यांची. बावीस वर्षं त्याच्या कानशीची खरखर मी ऐकली आणि माझ्या घड्याळांचे टोले त्याने. खटका हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. कुलूप उघडताना तो डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा, आणि आत काही हललं की म्हणायचा, "लागला खटका!" तेवढ्यावरून लोकांनी बारसं करून टाकलं. त्याच्या बायकोलाही सगळे खटकेवहिनीच म्हणायचे. तिने सुरुवातीला नाक मुरडलं, मग सवय झाली.

घरांची, कपाटांची कुलपं तो उघडायचाच, पण त्याचं नाव झालं ते बंद गाड्यांमुळे. हल्लीच्या गाड्या मोठ्या नखरेल. महिनाभर उभ्या राहिल्या आणि बॅटरी मेली की रिमोट कितीही दाबा, ढिम्म हलत नाहीत. मालक बाहेर, गाडी समोर, किल्ली हातात, आणि तरी दार बंद. अशा वेळी लोक काचेवर दगड घालायला निघतात. खटका सायकलवरून यायचा, कॅनव्हासची पिशवी उघडायचा आणि म्हणायचा, "दगड खाली ठेवा साहेब. आधी गाडीचे कागद दाखवा."

कागदांच्या बाबतीत तो हट्टी होता. कागद नसतील तर मालकाशी फोनवर बोलणं करून द्या, तेही नसेल तर बसा. एकदा एका कोटवाल्या गृहस्थाला त्याने भर उन्हात पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं. गृहस्थाची बायको कागद घेऊन येईपर्यंत खटका फुटपाथवर बसून शेंगदाणे खात होता आणि तो माणूस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी नंतर म्हटलं, "अरे, दिसत होतं ना, गाडी त्याचीच आहे." तर म्हणाला, "दिसतं ते घड्याळाच्या काट्यांवर. माझं काम आतलं असतं." परवाना त्याने काचेच्या चौकटीत लावला होता आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर त्याच्यावरून फडकं फिरवायचा.

या माणसाने आयुष्यात एकदाच कागद विचारले नाहीत. त्याची ही गोष्ट.

त्याला एक बहीण होती. अकरा वर्षांनी मोठी. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, वडील मालट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ताईने शाळा सोडली, कपड्यांच्या इस्त्रीच्या कारखान्यात उभी राहिली आणि धाकट्या भावाला वाढवलं. त्याने हाताचं काम शिकून घ्यावं म्हणून तिने आपलं लग्न चार वर्षं लांबवलं. एक स्थळ त्यात हातचं गेलंसुद्धा. ती त्याला छोट्या म्हणायची. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला हा माणूस, ताईचा फोन आला की उभा राहून बोलायचा. मी चेष्टा करायचो, "बस की, तिला काय दिसतंय?" तो म्हणायचा, "तिला दिसतं."

दाजी गेल्यापासून ताई मुलाकडे राहायची, म्हणजे मुलगाच तिच्या घरात राहायचा. आमच्या दुकानांपासून दहा मिनिटांवर बसकं घर, पुढे पत्र्याचा पोर्च. मुलगा विम्याच्या कचेरीत, स्वभावाने गरीब. गरीब म्हणजे असा, की समोरचा जे म्हणेल त्याला हो. सून मोठ्या दवाखान्यात नर्स होती, ऑपरेशनच्या विभागात. बोलायला तुटक, पण कामाला वाघीण. त्यांना दोन वर्षांची एक मुलगी, आणि त्या नातीत ताईचा जीव अडकलेला.

सुनेची स्वतःची एक करडी गाडी होती, छोटी, लग्नाआधी घेतलेली. त्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि डाव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. गाडी पोर्चमध्ये धूळ खात पडली.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास फळीपलीकडून खटक्याचा आवाज आला, "हो ताई. आलोच ताई." पिशवी उचलून तो सायकलवर बसला, जाता जाता मला म्हणाला, "दुकानाकडे बघ रे."

तिथे काय झालं ते त्याने मला नंतर इतक्या वेळा सांगितलं, की मी स्वतः पोर्चमध्ये उभा होतो असं वाटतं.

ताई गाडीशीच उभी होती. म्हणाली, "सूनबाई दवाखान्यात खोळंबलीये रे. आधीचे रिपोर्ट गाडीत राहिलेत, आणि ते बघितल्याशिवाय डॉक्टर प्लास्टर काढायला तयार नाहीत. किल्ली तिच्या पर्समध्ये, पर्स तिकडे."

"बॅटरी?"

"मेली असणार. महिना झाला, हात नाही लावला कोणी."

खटक्याने हँडल ओढून पाहिलं. मग म्हणाला, "तिच्याशी एकदा बोलू का? लाव बरं फोन."

"आत घेतलंय तिला, एक्स-रेला. फोन बाहेर ठेवायला लावतात." आणि मग ताई हसली. "का रे? माझ्यावर विश्वास नाही वाटतं? मलाही कागद विचारणार?"

तो ओशाळला. म्हणाला, "काहीतरीच काय ताई. घरचीच गाडी."

त्याने दाराच्या वरच्या कोपऱ्यात, रबराच्या पट्टीशी, हवेची चपटी पिशवी सरकवली. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात ना, तशीच ती असते. फुगा दाबत गेलं की दार केसाकेसाने चौकटीपासून सुटतं. बोटभर फट झाल्यावर त्याने प्लॅस्टिकची पाचर बसवली, चिकटपट्टी गुंडाळलेली लांब सळई आत सोडली आणि डोळे मिटले. बॅटरी मेलेल्या गाडीत आतलं बटण दाबून उपयोग नसतो, आतलं हँडलच ओढावं लागतं. पहिल्या ओढीला कुलूप सुटलं, दुसऱ्या ओढीला दार. एरवी अशा वेळी गाडी बोंबलते, पण ही तर मुकी झालेली. सगळं मिळून पाच मिनिटं.

आत कोंडलेला वास होता, बिस्किटांचा आणि तापलेल्या रेक्झिनचा. मागच्या सीटवर पोरीचा एक मोजा पडला होता.

"जा, हात धुऊन घे," ताई म्हणाली. "चहा टाकलाय, बघ उकळलाय का."

तो हात धुऊन, चहा गाळून दोन कप घेऊन बाहेर आला तेव्हा ताई ड्रायव्हरच्या सीटखालून हात बाहेर काढत होती. हातात रुंद तपकिरी पाकीट. एक्स-रेचं असतं तसंच.

"सापडले," ती म्हणाली.

"दे, मी नेऊन देतो. केबल आणलीये, आत्ता गाडी चालू करतो. गाडीनेच जातो."

"नको नको. तुझा भाचाच येतोय न्यायला."

"मग बॅटरी तरी चार्ज करून ठेवतो. तिला प्लास्टर निघाल्यावर लागेलच."

"राहू दे रे. बंद करून टाक. होती तशी."

त्याने गाडी होती तशी बंद केली. दाराच्या कडेला पिशवीच्या धुळीचा डाग पडला होता, तोही सवयीने फडक्याने पुसून काढला. आपण तिथे येऊन गेल्याची एक खूण शिल्लक होती, ती त्याने आपल्या हाताने पुसली. हे तो सांगायचा तेव्हा हाताचा अंगठा तसाच फिरवायचा.

पुढे नऊ दिवस काही नाही.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, सुनेचा फोन आला. "मामा, गाडी उघडत नाहीये हो. रिमोट दाबून बोट दुखलं. वेळ आहे का तुम्हाला?"

"तुझ्यासाठी नसला तर काढतो," तो म्हणाला आणि गेला.

ती पोर्चमध्ये भिंतीला धरून उभी होती. डावा पाय बारीक झालेला, पांढराफटक. पोरगी पायरीवर बसून झाकण वाजवत होती. खटका म्हणाला, "अजून लंगडतेयस? प्लास्टर निघून दहा दिवस झाले ना?"

"कुठले दहा? कालच निघालं."

त्याला जरा चमत्कारिक वाटलं. पण डॉक्टर लोकांचं काय, आज नाही उद्या, असं म्हणून त्याने सोडून दिलं. तिच्याकडून रिमोट घेतला. "आता तुला एक गंमत दाखवतो. ह्याच्या पोटात काय आहे बघ." रिमोटच्या कडेची छोटी खिट्टी त्याने नखाने दाबली आणि आतून लोखंडी किल्लीचं पातं ओढून काढलं. मग दाराच्या हँडलच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी उचकटली. खाली चक्क किल्लीचं भोक.

"चार वर्षं गाडी वापरतेय मी!" ती हसली. "हे मला कोणी सांगितलंच नाही."

"पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक कोण वाचतो?"

त्याने किल्ली फिरवली. दार उघडलं. तो केबल काढायला पिशवीकडे वळला, आणि ती एका पायावर भार देत वाकून सीटखाली हात घालायला लागली.

केबल सोडवता सोडवता त्याने पाहिलं, तिचा हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला. मग तिने पायपुसणं उचललं. मग पलीकडच्या सीटखाली चाचपलं. मग सरळ गुडघ्यावर बसली, दुखऱ्या पायाची पर्वा न करता, आणि डोकं आत घालून पाहिलं.

"मामा, इथे एक पाकीट होतं."

"रिपोर्टचं ना? ते नेलं की ताईने तुझ्याकडे."

"कसले रिपोर्ट?"

"अगं, त्या मंगळवारी. तू एक्स-रेला आत होतीस, डॉक्टर अडून बसले होते..." बोलता बोलताच त्याचा आवाज उतरत गेला. "मीच उघडून दिली गाडी."

ती हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "त्यात माझा पासपोर्ट होता. पोरीचा पासपोर्ट होता. सर्टिफिकिटं. नोकरीचं पत्र."

परदेशातल्या एका दवाखान्यात तिला जागा मिळाली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. आधी तिने पोरीला घेऊन जायचं, वर्षभरात नवऱ्याने यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मुलीला नेण्याच्या संमतीपत्रावर त्याने सहीही केली होती, आणि तोही कागद त्याच पाकिटात होता. पण घरात हे कळल्यापासून वारं फिरलं होतं. एकदा तिचं पत्र रद्दीत गेलं, 'चुकून'. एकदा सर्टिफिकिटांवर पाणी सांडलं, तेही चुकून. तेव्हा तिने सगळं एका पाकिटात घालून गाडीत ठेवलं. त्या घरात जिची किल्ली एकट्या तिच्याकडे होती अशी तेवढीच एक जागा होती.

"पाकीट इथे आहे हे कोणाला माहीत होतं?" खटक्याने विचारलं.

उत्तर तिला सुचलं होतं, आणि ते तिला नको होतं.

एवढ्यात ताई दारात आली. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. पायरीवरच्या नातीला तिने उचलून कडेवर घेतलं.

खटका म्हणाला, "ताई, पाकीट कुठाय?"

"कसलं पाकीट?"

"ताई."

ती सरळ म्हणाली, "माझ्याकडे नाही. आणि असतं तरी दिलं नसतं. ही पोर गेली तर ह्या घरात राहतं काय? चार भिंती आणि मी."

"तू मला खोटं सांगितलंस."

"खरं सांगितलं असतं तर उघडली असतीस गाडी?"

"नाही."

"मग? खरं सांगून काय उपयोग होता?"

खटका मला म्हणाला, की रागाने नाही, त्या उत्तराच्या सरळपणाने त्याला दरदरून घाम फुटला. भाजी संपली म्हणून दुसऱ्या दुकानात गेले, अशा सुरात ती बोलत होती. तरी तो म्हणाला, "गावात आम्ही तिघं आहोत गाड्या उघडणारे. दुसऱ्या कोणाला बोलवायचंस. मलाच का?"

"दुसरा कागद मागतो," ताई म्हणाली.

त्याच्या हातातली केबल खाली पडली. बावीस वर्षं तो ज्या एका गोष्टीसाठी शिव्या खात आला होता, ती गोष्ट तिला पुरती ठाऊक होती. तिने त्याला भाऊ म्हणून बोलावलंच नव्हतं. जे कुलूप तिच्यासाठी तो कधीच लावत नव्हता, तेवढं तिने हेरून ठेवलं होतं.

"तुझ्यासाठी मी काय काय केलं ते..." ताईने सुरुवात केली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "रोज माहीत असतं मला. पण आज ते काढू नकोस. आज काढलंस तर त्याच्यावरचाही विश्वास जाईल."

सुनेने मध्येच नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून गाडीच्या टपावर ठेवला. तिने फक्त एवढंच विचारलं, "पाकीट कुठे आहे?"

पलीकडे टाइपरायटरसारखं काहीतरी वाजत होतं. "तू आधी शांत हो," तो म्हणाला. "घरी आल्यावर बोलू."

"तुझ्याकडे आहे?"

"ऑफिसात. सुरक्षित आहे. हे बघ, आईची अवस्था मला बघवेना. मी म्हटलं तारीख निघून गेली की आपोआप..."

"म्हणजे त्या मंगळवारी मला आणि पोरीला तपासणीला नेलंस ते घर रिकामं करायला?"

खटका पुढे झाला. "मामा बोलतोय. पाकीट घेऊन ये. आत्ता."

"मामा, तुम्ही कृपा करून यात पडू नका."

"पडू नका? अरे, मला तुम्हीच ढकललंय यात!"

पलीकडून फोन बंद झाला. सुनेने टपावरचा फोन उचलला, पुसला, खिशात ठेवला. ती रडली नाही. ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहायची सवय असलेली बाई ती. मग ती खटक्याकडे वळली.

"मामा, तुम्ही सगळ्या जगाला कागद विचारता. माझ्या गाडीचे विचारावेसे नाही वाटले?"

"मला वाटलं... घरचीच गाडी..."

"घरची नाही. माझी."

खाली वाकून त्याने केबल उचलली. शेजारच्यांची गाडी पुढ्यात लावून घेतली, बॉनेट उघडलं, लाल चिमटा अधिकच्या टोकाला, काळा इंजिनाच्या लोखंडाला. चिमटा दोनदा निसटला आणि ठिणग्या उडाल्या. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. तिचा डावा पाय क्लच दाबायच्या लायकीचा नव्हता, म्हणून तो ड्रायव्हरच्या जागी बसला. सून ताईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. ताईने नातीला घट्ट धरलं होतं. पण पोरीनेच आईकडे झेप घेतली. लहान मुलांना कुठे कळतं कोणाची बाजू घ्यायची नाही ते.

"छोट्या, तिला घेऊन गेलास तर माझं तोंड बघू नकोस," ताई म्हणाली.

तो गेला.

पोलीस ठाण्यातला अधिकारी त्याच्या ओळखीचा होता. परवान्याच्या तपासणीला दरवर्षी तोच यायचा. सगळं ऐकून त्याने पेन खाली ठेवलं. "घरातलं भांडण आहे. घरात मिटवा."

"घरातलं आहे म्हणूनच तर झालं," खटका म्हणाला. "माझी जबानी लिहून घ्या. मालकिणीला न विचारता, कागद न बघता मी गाडी उघडली. बहिणीच्या सांगण्यावरून."

"अरे, हे लिहिलं तर तुझा परवाना..."

"लिहा."

ते लिहिलं गेलं. ठाण्यातून फोन गेल्यावर मात्र भाच्याला लगेच वेळ मिळाला. तासाभरात तो पाकीट घेऊन हजर. पासपोर्ट होते, पत्र होतं, सर्टिफिकिटं होती. फक्त मुलीला नेण्याचं संमतीपत्र नव्हतं. "कुठेतरी पडलं असेल," तो म्हणाला.

खटका त्याच्याशेजारी बाकावर बसला. "हे बघ. तुला ती जायला नको असेल तर आत्ता इथे तोंडाने नाही म्हण. ती ऐकेल, आम्ही ऐकू, पुढचं पुढे बघू. पण तोंडाने म्हण. एकदा तरी."

भाचा जमिनीकडे बघत राहिला. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. खटका म्हणतो, त्या वेळी तो 'नाही' म्हणाला असता तर कदाचित ती थांबलीही असती. तो काहीच म्हणाला नाही. अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे केला. आईने सांगितलं तेव्हा त्याने पाकीट दडवलं होतं, आता सांगितलं तर सही केली. तारीखसुद्धा दुसऱ्याला विचारून घातली.

खटक्याने सुनेला आपल्या घरी चल म्हटलं. खटकेवहिनींनी खोली आवरूनही ठेवली होती. ती म्हणाली, "नको मामा. तुमच्यावर राग नाही. पण नको." जायच्या दिवसापर्यंत ती दवाखान्यातल्या एका मैत्रिणीकडे राहिली, आणि मग मुलीला घेऊन गेली. गाडी तिने विकून टाकली. विकताना खरेदी करणाऱ्याला रिमोटच्या पोटातली किल्ली काढून दाखवली म्हणे.

खटक्याचा परवाना दोन महिन्यांसाठी काढून घेतला. भिंतीवर चौकटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. ते दोन महिने तो माझ्या दुकानात बसायचा, माझी स्क्रूड्रायव्हरं आकाराप्रमाणे लावायचा, परत मोडायचा, परत लावायचा. मध्येच म्हणायचा, "होती तशी बंद कर म्हणाली. तेव्हाच कळायला हवं होतं. रिपोर्ट घाईचे होते ना? मग चहा पीत कशी बसली?" रोज एक नवा दुवा सापडायचा त्याला. एका दिवशी त्याला आठवलं, की ताईने त्याच्या आवडीचं आलं घातलं होतं चहात, सढळ हाताने. त्या दिवशी तो जेवला नाही.

घरातही त्याचं बिनसलं. खटकेवहिनींच्या कपाटाचा खण अडकला, तर हा म्हणाला, "कोणाचा आहे?" वहिनी हसल्या. "तुमच्या सासूचा!" मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसणं तिथेच थांबलं. तो थट्टा करत नव्हता.

परवाना परत मिळाला, काम सुरू झालं, गिऱ्हाईक पूर्वीसारखं येऊ लागलं. जबानीची हकिकत फुटली होती, पण लोकांनी ती उलट त्याच्या बाजूने घेतली. "एवढा इमानी माणूस," असं म्हणायचे. त्याला ते ऐकवत नसे. मी एकदा म्हटलं, "ताईकडे जाऊन ये एकदा. राग किती दिवस धरायचा?"

"राग असता तर परवडलं असतं रे," तो म्हणाला. "राग उतरतो. मला तिची आठवण येते. इस्त्रीचे चटके लागलेल्या हातांनी माझी बटणं लावायची, ती. मग मनात येतं, तेव्हासुद्धा ती माझ्याकडे बघून काही हेरत होती का? नव्हती, मला माहीत आहे. पण येतं मनात. एका मंगळवारने माझी मागची पंचेचाळीस वर्षं नासवली."

मी भिंग डोळ्याला लावलं आणि कामाला लागलो.

असं दीड वर्ष गेलं. परवाच्या हिवाळ्यात, सकाळी दहाला, तो माझ्याकडे बसला असताना त्याचा फोन वाजला. गावातल्या दुसऱ्या किल्लीवाल्याचा. हा माणूस खटक्याला उस्ताद म्हणतो आणि अडलं की विचारतो. म्हणाला, "एक जुनं दार आहे, दोन बोल्टांचं कुलूप, आतून अडकलंय. बाई बाहेर राहिल्यात. कुलूप तुम्हीच बसवलेलं आहे म्हणतात."

खटक्याने पत्ता विचारला नाही. उठून उभा राहिला.

पलीकडून बाईचा आवाज आला, जरा लांबून. "विचार त्याला, वरचा आधी की खालचा."

"खालचा," खटका म्हणाला. "वरच्याला हात लावायचा नाही, तुटेल. खालचा अर्धा फिरवायचा आणि दार आपल्याकडे ओढून धरायचं. जोरात नाही."

खरखर ऐकू आली, मग दाराचा कुरकुर आवाज. किल्लीवाला म्हणाला, "उघडलं उस्ताद! थांबा, बाई काहीतरी म्हणतायत." आम्ही दोघंही थांबलो. पलीकडे काही कुजबुज झाली. मग तो परत आला. "नाही, काही नाही म्हणतात."

"बरं," खटका म्हणाला. "बोल्टांना तेल घालून ये. दोन्हींना."

फोन खिशात ठेवला तरी तो उभाच होता. मी स्टूल पुढे सरकवलं, पण तो बसला नाही.

"आवाज म्हातारा झालाय तिचा," तो म्हणाला, आणि आपल्या दुकानात गेला.